जिन्यावरचं लांब वाक्य

डोळे मिटा पाहू. पुरते मिटा, फटीतून बघायचं नाही. आता एक खोली मनात आणा. खोली लहानशी आहे. भिंतींना जाड करडा स्पंज चिकटवलाय आणि दार इतकं जड आहे की एकदा लागलं की बाहेरचं जग कुणी पुसून टाकल्यासारखं होतं. रस्त्यावरचा हॉर्न नाही, पंख्याची घरघर नाही, शेजारच्या इमारतीतली ठोकाठोक नाही. इतकी शांतता की आवंढा गिळला तरी ऐकू येतो. मधे एक टेबल आहे. पान उलटताना सळसळ होऊ नये म्हणून त्यावर मऊ कापड पसरलंय. समोर मायक्रोफोन आहे आणि एका भिंतीत मोठी काच. काचेपलीकडे दुसरी खोली. तिथे यंत्रं मांडलेली आहेत आणि यंत्रांपुढे एक माणूस कानांवर हेडफोन चढवून बसलाय.

दिसली खोली? छान. आता त्या टेबलापाशी एक बाई बसवा. तिचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलाय आणि मनगटावरचं घड्याळ तिने बाहेर काढून ठेवलंय, कारण मायक्रोफोनला त्याची टिकटिकही ऐकू येते. ही आत्या. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती मोठ्याने पुस्तकं वाचते. या इमारतीत एक श्रवण वाचनालय आहे. तिथे माणसं येतात, खुर्चीत टेकतात, हेडफोन लावतात आणि आत्याच्या आवाजातलं पुस्तक ऐकतात.

काचेपलीकडचा माणूस म्हणजे कात्रीकाका. त्यांच्याजवळ कात्री एकही नाही. पण आत्याचं वाचून झालं की त्यातले खोकले, अडखळलेले शब्द, खुर्चीची करकर हे सगळं ते यंत्रावर कापून काढतात, म्हणून सगळे त्यांना कात्रीकाका म्हणतात.

आणि काकांच्या मागे स्टुलावर पाय हलवत बसलेली ती शंकू. आत्याच्या भावाची मुलगी. आईबाबा कामावरून उशिरा येतात, म्हणून शाळा सुटली की ती थेट इथे येते. शंकू हे काही तिचं खरं नाव नव्हे. बोलायला लागल्यापासून ती प्रत्येक गोष्टीवर शंका काढते, म्हणून आत्यानेच ते ठेवलंय. दूध गरम आहे म्हटलं तर ही बोट बुडवून बघणार. उद्या सुट्टी आहे म्हटलं तर विचारणार, "कोण म्हणालं?"

त्या दुपारी आत्या शंकूचीच गोष्ट वाचत होती. वाचनालयाने मुलांसाठी मुलांनीच लिहिलेल्या गोष्टींचा एक संच करायचं ठरवलं होतं आणि त्यात शंकूची गोष्ट निवडली गेली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो संच गावोगावच्या शाखांना रवाना होणार होता. एकदा गेला की गेला, मग त्यात काना-मात्राही बदलता येणार नव्हती. शंकूचे पाय आठवडाभर जमिनीवर नव्हते.

गोष्ट साधी होती. आई एका मुलीला तळघरातून जुनी पेटी आणायला पाठवते. मुलगी खाली जाते आणि परत येताना दिवा जातो. तिथे हे वाक्य होतं. तुम्हीही मोठ्याने वाचून बघा आणि पूर्णविराम येईपर्यंत थांबू नका:

"दिवा गेला तशी ती वळली आणि भिंतीला हात लावून पहिली पायरी चढली, मग दुसरी, मग तिला वाटलं आपल्या पावलांच्या मागे आणखी कुणाची तरी पावलं पडतायत, पण मागे बघायला थांबावं लागलं असतं आणि थांबलं तर ती पावलं जवळ आली असती, म्हणून ती चढत राहिली, कठडा संपला तरी चढत राहिली, श्वास पुरेना तरी चढत राहिली आणि वरच्या दाराखालची उजेडाची रेघ दिसली तेव्हा कुठे तिचा पाय अडला. ती थांबली. मागची पावलंही थांबली."

आत्याने वाचलं आणि काचेच्या अलीकडे, यंत्राजवळच्या स्पीकरवर ऐकणाऱ्या शंकूच्या अंगावर काटा आला. स्वतःच लिहिलेलं असून आला, बरं का.

आत्या मात्र बाहेर आली ती कपाळाला आठी घालून. तिने घड्याळ मनगटावर चढवलं आणि विचारलं, "शंकू, हे लांब वाक्य तुझं?"

"मग कुणाचं?"

"तेच विचारतेय."

"माझंच."

"मागच्या महिन्यात तू मला निबंध दाखवलास. 'मी सकाळी उठते. मी दात घासते. मी शाळेत जाते.' वाक्यं कसली, कोंबड्यांपुढे दाणे टाकल्यासारखं. आणि आज एकदम हे?"

"सुचलं."

"कुठे बसून सुचलं?"

"बसून नाही."

"मग कसं?"

"असंच."

आत्याचे डोळे बारीक झाले. "हे बघ, कुठल्या पुस्तकातून उचललं असशील तर आत्ताच सांग. मी रागावणार नाही. पण दुसऱ्याचं वाक्य तुझ्या नावावर मी माझ्या आवाजात पाठवणार नाही."

"नाही उचललं!"

"मग माझ्याकडे बघून बोल ना. चपलांकडे काय बघतेस?"

शंकूने चपलांवरची नजर काही उचलली नाही. आत्या "बरं" म्हणाली. पण बरं म्हणण्याच्या किती तऱ्हा असतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. या 'बरं'चा अर्थ होता, कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि खरंच मुरत होतं. फक्त आत्याला वाटत होतं तिथे नव्हे. वाक्य शंकूचंच होतं, पण ते जिथे सुचलं त्या जागेचं नाव काढायची सोय नव्हती. वाचनालयाच्या खाली एक तळघर होतं. जुन्या टेपची खोकी तिथे ठेवलेली असत. जिना अरुंद, कठडा निम्म्यावरच तुटलेला आणि दिव्याचा भरवसा नाही. आत्याने बजावून ठेवलं होतं, "खाली काहीही नाही, आणि तू तिथे पाऊल टाकायचं नाहीस. टाकलंस तर दुसऱ्या दिवसापासून दुपारी इथे यायचं बंद." आता शंकूसारख्या मुलीला असं सांगून कसं चालेल? खाली काहीही नाही तर जायचं का नाही? ती गेली. खोकी बघितली. परत फिरली आणि दिवा गेला. पुढचं सगळं त्या वाक्यात आहेच. मागची पावलं म्हणजे तिच्याच चपलांचा घुमणारा आवाज होता, पण ते तिला वर पोचल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शंकू धावतच आली. गोष्ट तयार झाली होती. ती ऐकण्याच्या खोलीत गेली, कोपऱ्यातली खुर्ची पकडली, हेडफोन लावला आणि डोळे मिटले.

सुरुवात ठीक होती. मग तळघर आलं, दिवा गेला आणि शंकू खुर्चीत ताठ झाली.

"दिवा गेला तशी ती वळली आणि भिंतीला हात लावून पहिली पायरी चढली." शांतता. "मग दुसरी." शांतता. "मग तिला वाटलं आपल्या पावलांच्या मागे आणखी कुणाची तरी पावलं पडतायत." शांतता. चांगली ऐसपैस, पाय पसरून बसता येईल एवढी.

शब्द तेच होते, एकही बदललेला नव्हता. पण वाक्य जागोजाग मोडलं होतं. गोष्टीतली मुलगी एक पायरी चढत होती आणि उभी राहत होती, दुसरी चढत होती आणि उभी राहत होती. शेवटी "ती थांबली" आलं तेव्हा शंकूला काहीच वाटलं नाही. मघापासून थांबतच तर होती.

आपल्यालाच असं वाटतंय का, अशी शंका तिला आलीच. शेजारच्या खुर्चीवर तिच्याच वयाची एक मुलगी रोज येऊन बसायची. तिला दिसत नसे, पण वाचनालयातली झाडून सगळी पुस्तकं तिने ऐकून संपवली होती. सगळे तिला श्रोतीबाई म्हणत. शंकूने हेडफोन तिच्या कानांवर चढवला.

श्रोतीबाईंनी ऐकलं आणि विचारलं, "हिला दम्याचा त्रास आहे का?"

"कुणाला?"

"ह्या जिन्यावरच्या मुलीला. सारखी उभी राहते. आमची शेजारीण बाजारातून येताना अशीच जिना चढते."

"ती घाबरलीय!"

"घाबरलेलं माणूस असं थांबतं होय? मी तर पळाले असते." तिने हेडफोन काढून परत दिला. "बाकी गोष्ट बरी आहे."

बरी! शंकूच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आणि त्याच वेळी तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वाक्य आपोआप मोडत नाही, ते कुणीतरी मोडावं लागतं. काल स्पीकरवर ऐकलं तेव्हा ते सलग होतं, मग मधल्या वेळात कुणी हात लावला? कात्रीकाकांचं नाव तिच्या मनात आलंच नाही. काकांना गोष्टींशी काही देणंघेणं नसायचं. "मी शब्द ऐकत नाही, आवाज ऐकतो," असं ते नेहमी म्हणत. वाक्य लांब की आखूड याच्याशी त्यांचा काय संबंध? उरलं कोण? जिला ते वाक्य शंकूचं वाटतच नव्हतं ती. तिने शंकूच्या माघारी पुन्हा वाचलं असेल, तुकडे करून. शिक्षा म्हणून.

शंकू आत्यावर नजर ठेवू लागली. आत्या चहा घेत होती, गुणगुणत होती, कुणाशी तरी फोनवर हसत होती. सगळं कसं साळसूद. इतकी साळसूद माणसं शंकूला कधीच आवडत नसत.

आत्या फोन घेऊन गॅलरीत गेली तशी शंकू वाचायच्या खोलीत शिरली. टेबलावर तिच्या गोष्टीची पानं होती. तिने जिन्याचं पान काढलं. त्या लांब वाक्यात पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या. "चढली"नंतर एक. "दुसरी"नंतर एक. "पडतायत"नंतर एक. जिथे जिथे वाक्य मोडलं होतं, नेमक्या तिथेच.

ती पान फडकावत गॅलरीत गेली. "हे काय आहे?"

आत्याने फोन बंद केला. "पान."

"या रेघा तू मारल्यास."

"मग? माझं पान, माझी पेन्सिल."

"म्हणजे तूच तोडलंस! मुद्दाम तोडलंस! तुला वाटतं मी चोरलंय, म्हणून!"

"आवाज खाली. काय तोडलं मी?"

"माझं वाक्य! ऐकून बघ. ती मुलगी जिन्यावर सारखी उभी राहते. श्रोतीबाई म्हणाल्या, तिला दमा आहे."

आत्या एकदम गंभीर झाली. "मी ते सलग वाचलंय. तू काचेपलीकडे होतीस, तूच ऐकलंयस."

"मग नंतर परत वाचलं असशील."

"शंकू, माझ्यावर आळ घेतेस?"

"आधी तू घेतलास!"

उत्तर असं समोर येऊन उभं राहिलं की मोठ्या माणसांचीही पंचाईत होते. "चल," ती म्हणाली. "आधी मला ऐकू दे."

तिने उभ्यानेच ऐकलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला. हेडफोन काढून तिने यंत्रांच्या खोलीचं दार उघडलं.

"काका, हे काय केलंत?"

काका डबा उघडून बसले होते. "काय केलं? साफ केलं. नेहमीसारखं."

"हे जिन्यावरचं वाक्य."

"हां, ते! ताई, एक विचारू का? काल तब्येत बरी नव्हती का तुमची? इतकी वर्षं तुमचं वाचन साफ करतोय, श्वास कधी ऐकू येत नाही. आणि काल त्या एका ठिकाणी पाच-सात वेळा, फसफस, फसफस. म्हटलं, असू दे, आपण कशाला आहोत. सगळे काढून टाकले."

"आणि त्या जागी?"

"त्या जागी शांतता घातली. माझ्याकडे या खोलीची रिकामी शांतता भरून ठेवलेली असते, तिचा नेहमीचा तुकडा. तुम्ही श्वास घेतला म्हणजे वाक्य संपलं, नाही का? वाक्य संपलं की थांबा. चोख काम आहे." आणि काकांनी घास घेतला.

आत्या भिंतीला टेकली. "अहो, ते श्वास मी मुद्दाम घेतले होते."

घास काकांच्या तोंडातच राहिला. "मुद्दाम? ऐकू येतील असे?"

"ती मुलगी अंधारात जिना चढतेय. मागे कुणीतरी आहे असं तिला वाटतंय. तिला थांबायची सोय नाही, म्हणून लेखिकेने पूर्णविरामच दिलेला नाही. एका दमात ते वाचून होत नाही, आणि मी थांबले तर तीही थांबणार. म्हणून मी पळता पळता श्वास चोरला. धावणारा माणूस घेतो ना, तसा. कुठे चोरायचा त्या खुणा आहेत या." तिने शंकूच्या हातातल्या पानाकडे बोट केलं. "श्वासाच्या खुणा. तोडायच्या नाहीत."

शंकूचं तोंड एवढंसं झालं. तरी तिच्या कानांनी एक शब्द टिपून ठेवला होता. लेखिका. आत्या लेखिका म्हणाली होती. पण कुणाला?

"मूळ आहे ना तुमच्याकडे?" आत्याने विचारलं.

काकांनी डब्याचं झाकण लावलं. "रोज काम संपलं की पुसतो, ताई. जागा लागते. पण संच अजून माझ्याकडेच आहे. गाडी यायला वेळ आहे."

"म्हणजे परत वाचावं लागणार. वाचते. घसा आहे तोवर दहा वेळा वाचीन." ती शंकूकडे वळली. "पण आधी माझ्या कालच्या प्रश्नाचं उत्तर. ते मिळाल्याशिवाय मी आत जाऊन बसणार नाही. असलं वाक्य एका रात्रीत कुणाला येत नाही, शंकू. मी आयुष्यभर वाक्यं वाचलीत. हे कुठून आलं?"

बघा, आता शंकूची काय कोंडी झाली. गप्प बसावं तर गोष्ट दमेकरी होऊन गावोगाव जाणार, किंवा मुळीच जाणार नाही. सांगावं तर उद्यापासून ही स्टुलाची जागा, ही काच, श्रोतीबाई, सगळं बंद. आत्या बोलल्याप्रमाणे वागणारी होती. त्याबाबतीत शंकूलासुद्धा कधी शंका आली नव्हती.

"सांगून नाही समजणार," ती शेवटी म्हणाली. "दाखवते. काका, तुम्हीही चला."

ती पुढे आणि दोघं मागे. व्हरांडा ओलांडून ती तळघराच्या दारापुढे उभी राहिली तेव्हा आत्याने नुसतं एक लांब "हंऽऽ" केलं. शंकूने मागे बघितलं नाही. दार ढकलून, खालून येणारा पुठ्ठ्यांचा कुबट वास हुंगत तिघं खाली उतरली. बटण तळाशीच होतं; काकांनी दिवा लावला.

"काका, दिवा घालवा. आत्या, तू माझ्या मागे ये. बोलू नकोस."

"हे पोरगं आपल्याला पाडणार," काका पुटपुटले. पण दिवा त्यांनी घालवला.

अंधार असा झाला की डोळे उघडे की मिटलेले तेच कळेना. शंकूने भिंतीला हात लावला आणि पहिली पायरी चढताना बोलायला सुरुवात केली. मोठ्याने नाही, स्वतःशी पुटपुटावं तसं. दिवा गेला तशी ती वळली आणि, मग पाय, मग दुसरी, मग पाय. शब्द पायांबरोबर वर जात होते. मागून आत्याच्या चपला वाजत होत्या. त्या आत्याच्याच आहेत हे माहीत असूनही शंकूची मान आखडली. कठडा संपला तिथे तिचा हात हवेत गेला, पण तोंड थांबलं नाही. चढत राहिली, तरी चढत राहिली. श्वास अपुरा पडायला लागला तसा तिने तो शब्दांच्या मधे, जमेल तिथे ओढून घेतला आणि पुढे गेली. वरच्या दाराखाली उजेडाची रेघ दिसली.

ती थांबली.

मागची पावलंही थांबली.

अंधारात फक्त आत्याचा श्वास ऐकू येत होता, आणि तो सरळ नव्हता.

"ताई?" खालून काकांचा आवाज आला. "लावू का दिवा? मला इथे काही बरं वाटत नाहीये."

"लावा," आत्या म्हणाली. दिवा लागला. ती शंकूच्या दोन पायऱ्या खाली छातीवर हात ठेवून उभी होती. "म्हणजे तू इथे आली होतीस. एकटी."

"हो."

"किती वेळा?"

"वाक्य होईपर्यंत," शंकू म्हणाली. "पहिल्यांदा घरी जाऊन लिहिलं तर नेहमीसारखंच झालं. 'ती घाबरली. ती पळाली.' वाचलं तर भीतीच वाटेना. मग परत आले आणि चढता चढता बोलून बघितलं. मधे पूर्णविराम आला की वाटायचं, वर पोचलेच मी."

आत्याने छातीवरचा हात खाली घेतला. "तळघराचं काय ते मी उद्या बघणार आहे," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनाही सांगणार आहे. ते माफ झालंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"पण वाक्य तुझं आहे. पायांनी लिहिलंस." आणि ती पुढे म्हणाली, "संशय घेतला. चुकले."

"मीपण," शंकू जिन्याकडे बघत म्हणाली.

वर आल्यावर आत्या घोटभर पाणी प्यायली, तिने घड्याळ काढलं आणि ती आत जाऊन बसली. यंत्रांच्या खोलीत कात्रीकाका अजून कुरकुरत होते. "श्वास ठेवायचे. ठीक आहे. लोक म्हणतील, काकांचे कान गेले."

"सगळे ठेवायचे," शंकू म्हणाली. "एकही काढायचा नाही."

"नाही काढत गं बाई."

शंकूने स्टूल ओढून त्यांच्या अगदी उजव्या हाताला लावलं. बसली तीही अशी की काकांची बोटं नजरेच्या टप्प्यात राहावीत. काका म्हणाले, "पोलिसात जा तू मोठेपणी." शंकूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कालचा आवाज आणि आजचा आवाज एका गोष्टीत जोडला तर सांधा कळतो, म्हणून आत्या पहिल्या पानापासून वाचू लागली. तिथे गोष्टीतली आई होती. "आई भांडी घासत होती आणि घासता घासता खिडकीबाहेर बघत होती आणि बाहेर ऊन पडलं होतं आणि दोरीवरचे कपडे वाळले होते आणि तेवढ्यात तिला तळघरातल्या पेटीची आठवण झाली म्हणून तिने मुलीला हाक मारली आणि हात पुसले." वाचता वाचता आत्याने श्वास चोरला, एकदा, मग पुन्हा.

शंकू सावध झाली. तिने काकांच्या बोटांकडे बघितलं. ती जागची हललीही नव्हती. काचेपलीकडे आत्या पानावर होतं तेच वाचत होती. तरी काहीतरी चुकत होतं. ही आई भांडी घासताना अशी का धापा टाकतेय? हिच्या मागे कोण लागलंय?

"थांबा!"

"झालं," काका म्हणाले. "आता मी काय केलं?"

"तुम्ही काही नाही." शंकूने काचेजवळचं बटण दाबलं, म्हणजे आत ऐकू जातं. "आत्या, हे आईचं वाक्य इतकं लांब का आहे?"

"मला काय विचारतेस? तू लिहिलंयस."

"मला लांब यायला लागलं, म्हणून लिहिलं बहुतेक."

आत्या चष्म्यावरून नुसती बघत राहिली. ती काही सांगणार नव्हती. कधी गप्प राहायचं हे कळणाऱ्या माणसांपैकी ती होती.

"आईला कुठे घाई आहे?" शंकू स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली. "ती आरामात भांडी घासतेय. आणि आधीच एवढं लांब आलं, तर जिन्यावरचं लांब आहे हे कुणाला कळणार?"

"गाडी येईल हं," काका म्हणाले.

शंकू उठली, आतल्या खोलीत गेली आणि आत्याच्या पुढ्यातलं पान तिने आपल्याकडे ओढून घेतलं. मग पेन्सिल उचलली आणि कुणालाही न विचारता ते आईचं वाक्य स्वतःच्या हाताने चार ठिकाणी तोडलं. ओठ हलवत एकदा वाचलं. दोन 'आणि' खोडले. पुन्हा वाचलं. पान आत्याकडे सरकवलं, पण लगेच हात घालून परत घेतलं आणि त्याच्या खालच्या ओळीवर, आजवर जिच्याबद्दल तिला कधीही शंका आली नव्हती त्या ओळीवर, पेन्सिलीचं टोक टेकवून ती विचार करत उभी राहिली.